फुटपाथवर उभं राहून वर बघायला कुणाची परवानगी?

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता, तुम्हीही बघितला असेल, किंवा तसाच दुसरा एखादा. फोर्टमधल्या कुठल्याशा जुन्या इमारतीसमोर फुटपाथवर एक पोरगा कॅमेरा घेऊन उभा आहे, सिक्युरिटीवाला त्याला हाकलतोय, पोरगा "कुठल्या कायद्यात लिहिलंय दाखवा" म्हणत आवाज चढवतोय आणि मागे चार माणसं फुकटचा तमाशा बघतायत. झालं, ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या. एकीचं म्हणणं, २६/११ विसरलात का, तो बिचारा ड्युटी करतोय, या पोरांना रील सोडून कामधंदा नाही. दुसरीचं म्हणणं, पब्लिक रस्ता आहे, माझा हक्क आहे, माझी कला आहे, हा कोण विचारणारा. दोन दिवस हेच. मग कुणीतरी गुड मॉर्निंगचा सूर्य टाकला आणि विषय संपला.

मला राग आला तो दोन्ही पार्ट्यांचा. शंभरेक मेसेज पडले असतील, त्यात त्या इमारतीबद्दल एकानेही एक शब्द काढला नाही. ती कुठली, कुणी बांधली, तो पोरगा मान वर करून नेमकं काय बघत होता, कुणाला काही पडलेलं नव्हतं. एक पार्टी सिक्युरिटीवाल्याची वकील आणि दुसरी फोटोवाल्याची, इमारतीच्या बाजूने कुणीच नाही. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. रस्त्यावर उभं राहून जे दिसतं त्याचा फोटो काढायला कुणाची परवानगी लागता कामा नये, सिक्युरिटीचा हुकूम गेटच्या आत, बाहेर नाही. पण हे मी फोटोवाल्याच्या कलेसाठी म्हणत नाहीये. शहराला त्या फोटोंची गरज आहे म्हणून म्हणतेय, आणि त्यामुळेच फोटोवाल्यांशीही माझं भांडण आहे, ते पुढे येईलच.

मी काही फोटोग्राफर नाही. डोंबिवलीला राहते, नोकरी करते, आणि महिन्यातून एखाद-दोन रविवारी मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत सकाळची फास्ट पकडून सीएसएमटीला उतरते, मग दुपारी ऊन डोक्यावर येईपर्यंत फोर्ट, काळा घोडा, बॅलार्ड इस्टेट असं एकटीच भटकते. गळ्यात सेकंडहँड घेतलेला कॅमेरा, पिशवीत पाणी आणि छत्री. घरचे विचारतात, एकटी काय करतेस तिकडे? काय सांगणार. वर बघते.

तर अशाच एका रविवारी एका ऑफिसच्या इमारतीसमोर, नाव नाही सांगत, मी रस्त्याच्या पलीकडून खांबावरचं कोरीवकाम टिपत होते तर तिथला सिक्युरिटीवाला रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

"मॅडम, फोटो नाय काढायचा."

"दादा, मी रस्त्याच्या या बाजूला आहे."

"वरून ऑर्डर आहे."

"मग त्या?" मी बोट दाखवलं. दोन कॉलेजच्या मुली त्याच इमारतीच्या पायरीवर बसून सेल्फी काढत होत्या.

"मोबाईल चालतो. कॅमेरा नाय."

आता माझा कॅमेरा दहा-बारा वर्षांपूर्वीचा, त्या मुलीच्या हातातला फोन त्याच्यापेक्षा कितीतरी हुशार, व्हिडिओ काढणार, जागेसकट नोंद ठेवणार आणि दोन मिनिटांत जगभर पाठवणार. कुणाला इमारतीची रेकी करायचीच असेल तर तो गळ्यात लेन्स लटकवून रस्त्याच्या मधोमध मान वर करून उभा राहील का हो? पण नियम असा आहे. मोबाईल म्हणजे निरुपद्रवी, कॅमेरा म्हणजे संशयित. हा नियम कुणी केला, कधी केला, कुठे लिहिलाय, हे त्या दादांनाही माहीत नव्हतं आणि मला नाही वाटत की त्यांच्या साहेबांना माहीत असेल. बारा-बारा तासांची ड्युटी करणाऱ्या माणसावर मी चिडत नाही. तो नोकरी करतोय. चीड येते ती "वरून" या शब्दाची.

कारण मुंबईत इमारतीच्या तोंडावर रस्त्याचा हक्क असतो हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, या शहराने ते सव्वाशे वर्षांपूर्वी मान्य केलंय. सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनकडे चालत जा, तो दादाभाई नवरोजी रोड, जुना हॉर्नबी रोड. दोन्ही बाजूंनी इमारतींच्या पोटातून जाणारा कमानीखालचा रस्ता आहे, पावसात छत्री न उघडता जाता येतं. हे कुणा मालकाचं औदार्य नव्हे. १८९६ च्या नियमांनी मालकांना सांगितलं की बाबांनो, इमारत तुमची, पण तळमजल्यावर चालणाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडायची. प्रत्येक मालकाने आपापला वास्तुविशारद आणला, कुणी गॉथिक केलं, कुणी निओक्लासिकल, पण रस्ता एक राहिला. मग १९९५ साली मुंबईचे हेरिटेज नियम आले, देशात पहिल्यांदा, आणि इमारतींना ग्रेड मिळाल्या. ग्रेड एकच्या इमारतीचा मालक स्वतःच्या पैशाने स्वतःच्या खिडकीचं रूप बदलू शकत नाही, समितीकडे जावं लागतं. का? तर ती खिडकी सगळ्या शहराची म्हणून. बरं, मग खिडकी जर सगळ्या शहराची असेल तर शहरातल्या एका बाईने तिचा फोटो काढला तर बिघडलं काय? मालकाला सांगताना ती सार्वजनिक आणि मला सांगताना ती खाजगी, असं दोन्हीकडून कसं चालेल?

कायदा तर आणखी सरळ आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की इमारतीचा फोटो काढणं आणि छापणं, आणि सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढणं आणि छापणं, हा कॉपीराइटचा भंग नाही. या बाबतीत आपण फ्रान्सपेक्षा मोकळे आहोत. तिकडे आयफेल टॉवरचा दिवसा फोटो काढा, काही नाही, पण रात्रीच्या रोषणाईवर कॉपीराइट सांगतात, तो फोटो धंद्यासाठी वापरायचा तर परवानगी. काहीजण ताजमहाल हॉटेलचं उदाहरण पुढे करतात की बघा, त्या इमारतीच्या रूपाचा ट्रेडमार्क झालाय. झालाय, २०१७ साली, बरोबर आहे. पण ट्रेडमार्क अडवतो तो त्या घुमटाचं चित्र कपांवर आणि टीशर्टवर छापून विकणाऱ्याला. गेटवेला आलेल्या माणसाच्या अल्बमशी त्याचा काही संबंध नाही.

आता सुरक्षेचा मुद्दा. याला उडवून लावणाऱ्यांतली मी नाही. मी सीएसएमटीला उतरते, तिथे काय झालं होतं ते विसरून उतरता येत नाही. डेव्हिड हेडलीने हल्ल्याच्या आधी दोन वर्षं मुंबईत येऊन जाऊन व्हिडिओ काढले होते, ताजचे, स्टेशनचे, समुद्राकडून उतरण्याच्या जागांचे, हे कोर्टात सिद्ध झालेलं आहे. तेव्हा "कॅमेऱ्याने कुणाचं काय वाकडं होतं" हे वाक्य मुंबईत तरी कुणी उच्चारू नये. आणि काही जागा आहेतच जिथे कॅमेरा काढायचा नाही. फोर्टमध्येच नेव्हल डॉकयार्ड आहे, लायन गेटपाशी मी कॅमेरा पिशवीत टाकते, वाद घालत नाही. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा आहे, त्यात प्रतिबंधित जागा कशाला म्हणायचं ते सांगितलंय. अशा जागेवर बोर्ड असतो, पहारा असतो, आणि तिथे मोबाईलही चालत नाही. तिथला नियम मला समजतो कारण तो सगळ्यांना सारखा आहे.

पण हेडलीचीच गोष्ट नीट वाचा ना. तो इमिग्रेशनच्या ऑफिसचं सोंग घेऊन राहिला, हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून गेला, समुद्रात बोटीने फिरला. त्याला कुणी अडवलं नाही कारण तो अडवण्यासारखा दिसत नव्हता, पैसेवाला परदेशी पाहुणा दिसत होता. कॅमेरा दिसला की हटकायचं या नियमाने त्याचं काहीही बिघडलं नसतं. आणि त्याच रात्रीची दुसरी गोष्ट? स्टेशनात हातात रायफल घेऊन चालणाऱ्या कसाबचा तो फोटो. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने, सेबॅस्टियन डिसूझांनी, जीव मुठीत धरून काढला, आणि खटल्यात तो पुरावा झाला. कॅमेरा रेकी करतो तसा साक्षही देतो. एकच बाजू धरून बसायचं तर मग पेन्सिलवरही बंदी घाला, नकाशा पेन्सिलनेही काढता येतो.

शिवाय २०२२ पासून गूगलचा स्ट्रीट व्ह्यू आपल्याकडे सुरू झालाय, मुंबई, पुणे, नाशिक, नगर पहिल्याच यादीत होते. आधी सरकारने सुरक्षेच्याच कारणाने नाही म्हटलं होतं, मग हो म्हटलं. म्हणजे टपावर कॅमेरे लावलेली गाडी रस्त्याच्या दोन्ही बाजू टिपत जाते ते चालतं. डोंबिवलीची बाई एका खांबावरचा पोपट टिपते ते चालत नाही.

यातून जे घडतं ते मला जास्त खटकतं. परवानगीची भिंत उभी केली की ती चुकीच्या माणसाला अडवते. प्री-वेडिंगवाले बघा, दोन गाड्या, पांढऱ्या छत्र्या, मेकअपवाली, वाऱ्यावर उडवायला दहा फूट लांब झगा, एशियाटिकच्या पायऱ्यांवर सकाळी सहाला ठाण मांडून बसलेले असतात, आणि त्यांच्याकडे कुठून तरी कसली तरी पावती असते किंवा नसली तरी "साहेबांशी बोलणं झालंय" असतं. त्यांना इमारतीशी घेणं नाही, त्यांना मागे खांब हवेत. जाहिरातवाले, सिरियलवाले, तेही पैसे भरून मोकळे. उरतो कोण? एकटा माणूस. ज्याच्याकडे लेटरहेड नाही, टीम नाही, ओळखपत्र नाही, आणि "कशासाठी काढताय" या प्रश्नाला "असंच" यापलीकडे उत्तर नाही. तोच नेमका दीड तास एका कमानीपुढे उभा राहतो, तोच परत पुढच्या महिन्यात येतो, त्यालाच दिसतं की गेल्या खेपेला इथे पिंपळाचं रोप नव्हतं आणि आता तडा गेलाय.

आणि एकटी बाई असली की आणखी एक थर चढतो. पुरुष रस्त्यावर उगाच उभा राहू शकतो, पानाच्या टपरीला टेकून तासभर काढेल, कुणी विचारत नाही. बाई उगाच उभी राहिली की तिला काहीतरी कारण लागतं, ती बसची वाट बघत असली पाहिजे किंवा कुणाची तरी. माझ्या कॅमेऱ्याने मला ते कारण दिलं, खरं सांगते. तो गळ्यात असला की मी हॉर्निमन सर्कलच्या कोपऱ्यावर अर्धा तास उभी राहिले तरी लोक समजतात काहीतरी काम चाललंय. म्हणून "मोबाईल चालतो, कॅमेरा नाही" ऐकलं की माझ्या हातातून फक्त यंत्र जात नाही, उभं राहण्याची सबबच जाते. ग्रुपवर "माझा हक्क" म्हणून ओरडणाऱ्या मुलग्यांना हे सुचलं नव्हतं, त्यांना सबब लागतच नाही.

आता विरुद्ध बाजूचा जो मुद्दा मला सगळ्यात खरा वाटतो तो सुरक्षेचा नाहीच, तो माणसांचा आहे, आणि गंमत म्हणजे ग्रुपवर तो कुणी मांडलाच नाही. इमारतीत माणसं राहतात. गिरगावातली खोताची वाडी घ्या. एकेकाळी साठ-पासष्ट घरं होती म्हणतात, आता त्याच्या निम्मीही नाहीत, आणि जी आहेत त्यांच्या लाकडी जिन्यावर रोज कुणीतरी अनोळखी पोझ देऊन बसलेलं असतं. तिथल्या म्हाताऱ्या माणसाने वैतागून हाकललं तर मी त्याच्या बाजूने आहे. ओव्हलसमोरच्या आर्ट डेको इमारती जागतिक वारसा आहेत हे ठीक, पण त्या बाल्कनीत कुणाची तरी ओढणी वाळत असते, कुणीतरी चहा पीत बसलेलं असतं. आणि दादाभाई नवरोजी रोडच्या ज्या कमानींचं मी आत्ता कौतुक केलं त्यांच्याखाली रविवारी सकाळी माणसं झोपलेली असतात. त्यांचं ते घर आहे, भिंती नाहीत इतकंच. कोरीव कमान आणि खाली गोधडीत मुरकुटलेला देह, हा फोटो फार "पॉवरफुल" येतो, मला माहीत आहे, मीही एकदा काढला होता आणि घरी येऊन पुसला. त्या माणसाला उठून बसून मला जाब विचारायची सोय नव्हती.

तेव्हा मी जो हक्क मागतेय तो दगडाचा फोटो काढायचा. माणसाचा नाही. या दोन्हींची सरमिसळ करून "पब्लिक प्लेस आहे, काहीही काढीन" म्हणणाऱ्यांमुळेच सिक्युरिटीवाल्यांची बाजू लोकांना पटते. रस्त्यावरून दिसणारी भिंत मालकाने आपणहून रस्त्याला दाखवलेली असते, खिडकीतली आजी स्वतःला दाखवायला बसलेली नसते. हा फरक समजायला कायदा लागत नाही, आपल्या बाल्कनीकडे कुणी झूम केलं तर कसं वाटेल एवढं डोक्यात आलं की पुरे.

तिसरा आक्षेप जरा साहित्यिक लोकांचा असतो. फोटो कशाला, डोळ्यांनी बघा ना, मनात साठवा. यात तथ्य आहे. लिंडा हेन्केल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा म्युझियममधला एक प्रयोग २०१४ साली छापून आला होता, नुसतं बघणाऱ्यांपेक्षा फोटो काढणाऱ्यांना वस्तू कमी लक्षात राहिल्या. हे सगळे सांगतात. त्याच प्रयोगातलं पुढचं मात्र कुणी सांगत नाही, की ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला लावला त्यांच्या आठवणीला धक्का लागला नाही. मला यात नवल वाटलं नाही. राजाबाई टॉवर मुंबईत सगळ्यांनी बघितलाय, प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने बांधायला पैसे दिले ही गोष्टही सगळ्यांना पाठ. पण त्याच्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे आहेत हे किती जणांना माहितीये? खालून ते दिसतात ते ठिपक्यांसारखे. लेन्स लावल्याशिवाय कुणाचं पागोटं कसं बांधलंय ते कळत नाही. तसंच महात्मा गांधी रोडवरची १९३६ ची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत. तिच्यावर कष्टकरी माणसांची भलीमोठी शिल्पं आहेत, ती एन. जी. पानसरे यांची. मराठी शिल्पकार, शहराच्या ऐन मध्यावर एवढं काम, आणि रोज त्याखालून हजारो मराठी माणसं मान खाली घालून जातात. मीही पंधरा वर्षं गेले. कॅमेरा घेतला तेव्हा मान वर झाली.

आणि हो, त्या सिक्युरिटीवाल्या दादांचं राहिलं. वाद न घालता मी म्हटलं, बरं, नाही काढत, पण आधी काढलेला बघता का? खांबाच्या माथ्यावर एक पोपट आहे, चोचीत फळ, आणि त्याच्या पाठीमागे पानांत लपलेला उंदीर. स्क्रीनवर मोठं करून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आठ वर्षं झाली मला हितं. उंदीर हाय म्हायतीच नव्हतं." मग सांगितलं की मागच्या गल्लीच्या बाजूला अजून एक माकड आहे, नळ्याच्या वर, ते सकाळी नऊच्या उन्हातच दिसतं. तिकडे जायला त्यांनी मला अडवलं नाही.

चौथा आक्षेप हल्ली वाढलाय. या इमारती, हे पुतळे इंग्रजांचे, त्यांचे फोटो काढत फिरणं म्हणजे गुलामीची हौस. हा आक्षेप मला मुळात चुकीचा वाटत नाही. फोर्टचे जे गोड-गोड फोटो असतात, पिवळा दिवा, ओला रस्ता, व्हिक्टोरिया गाडी, त्यात ती हौस असतेच. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी पैसे देऊन करवून घेतला आणि फोर्टमध्ये बसवला, आणि रँडला मारायच्या आधी चापेकरांनी त्याच पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. आज ती राणी भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात बसलीय, नाक तुटलेलं. मला विचाराल तर तिला पाडण्यापेक्षा हे बरं झालं. देणारा एतद्देशीय राजा, फासणारे चित्पावन भाऊ, हलवणारी स्वतंत्र देशातली पालिका, हा सगळा इतिहास त्या एका नाकात आहे, आणि त्याचा फोटो काढणारा राणीला मुजरा करत नसतो.

काळ्या घोड्याचं तर आणखी मजेशीर. सातव्या एडवर्डचा, तेव्हा तो नुसता युवराज होता, घोड्यावरचा पुतळा १८७९ साली ससून घराण्याने दिला. १९६५ मध्ये तो उचलून राणीच्या बागेत नेला. बावन्न वर्षं त्या चौकात घोडा नव्हता, पण कंडक्टर "काळा घोडा, काळा घोडा" ओरडतच राहिले. राजा लोक कधीच विसरले होते, घोडा नाही विसरले. २०१७ साली नवीन घोडा बसवला तो स्वारावाचून. मला हा पुतळ्यांवरच्या वादाचा सगळ्यात शहाणा निकाल वाटतो. आता या चौकाचे तीन फोटो शेजारी ठेवा, राजासकट, रिकामा, आणि नुसता घोडा. पारतंत्र्यावर भाषण देण्यापेक्षा हे तीन फोटो पोराला दाखवा. पण मधला फोटो, रिकाम्या चौकाचा, शोधायला जा. राजाचे मिळतात, घोड्याचे ढिगाने मिळतात, रिकाम्या जागेचा फोटो कोण काढतो?

इथेच माझं फोटोवाल्यांशी भांडण. फ्लोरा फाउंटनचे हजारो फोटो आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत हुतात्मा स्मारक नाही. ते काही पावलांवर आहे! मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, २१ नोव्हेंबर १९५५ ला जिथे गोळीबार झाला आणि माणसं पडली तिथे, १८६४ च्या रोमन देवीच्या शेजारी. या शहरातली सगळ्यात बोलकी फ्रेम ही आहे आणि आमचे कलाकार ती क्रॉप करतात, कारण देवी "क्लीन" दिसत नाही, मागे बस येते, वायर येते. मग तुम्ही आणि ते प्री-वेडिंगवाले यांच्यात फरक काय राहिला? तुम्हालाही मागे खांबच हवेत. "माझी कला" म्हणून जे भांडतात त्यांना मी विचारते, त्या फोटोखाली इमारतीचं नाव लिहिलंत का? तारीख? कुठल्या बाजूचा खांब? "मुंबई मेरी जान" एवढंच लिहिलेला फोटो शहराच्या काय कामाचा?

हे काम किती महत्त्वाचं ते महाराष्ट्रात तरी कुणी कुणाला सांगायला नको, आपण अजिंठ्याच्या शेजारी राहतो. रॉबर्ट गिल नावाचा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी १८४४ पासून तिथल्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होता, कित्येक वर्षं. त्या लंडनला पाठवल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या ग्रिफिथ्सनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या, त्याही लंडनला गेल्या, १८८५ मध्ये तिथे आग लागली आणि त्यातल्याही कितीतरी जळाल्या. दोनदा! इकडे मूळ चित्रं ओलीने, वटवाघळांनी, नको तिथे लावलेल्या वॉर्निशने उडत होती आणि तिकडे नकला एका छपराखाली जळत होत्या. एकाच अधिकृत माणसाने, एकाच अधिकृत परवानगीने, एकाच अधिकृत ठिकाणी ठेवलेली नोंद अशी जाते. हजार लोकांच्या हजार ठिकाणी पडलेल्या नोंदी एका आगीत जात नाहीत.

आणि नोंद करणारा सरकारी माणूसच असला पाहिजे असंही नाही. पॅरिसमध्ये अत्जे नावाचा एक गृहस्थ होता. जुनाट अवजड कॅमेरा खांद्यावर घेऊन पहाटे एकटाच निघायचा, दारांच्या कड्या, जिन्याचे कठडे, दुकानांच्या पाट्या, अंगणातल्या मूर्ती टिपायचा, दारावर पाटी काय तर चित्रकारांसाठी नमुने. १९२० साली त्याच्या अडीच हजारांवर काचेच्या निगेटिव्ह सरकारने विकत घेतल्या. जुनं पॅरिस कसं दिसायचं हे आज जगाला ठाऊक आहे ते बऱ्याच अंशी या एकट्या माणसामुळे. त्याला दर दारावर "वरून ऑर्डर आहे" म्हटलं असतं तर?

आपल्याकडे वॉटसन हॉटेल आहे, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. इंग्लंडमधून ओतीव लोखंडाचे खांब जहाजाने आणून १८६० च्या दशकात उभं केलेलं, ७ जुलै १८९६ ला आपल्या देशातला पहिला सिनेमा जिथे दाखवला ते. २००५ मध्ये धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत त्याचं नाव आलं आणि त्याच वर्षी त्याचा एक भाग कोसळला, माणूस दगावला. मग कोर्ट, रिकामं करणं, पाडायचं की वाचवायचं हा वाद. उद्या ते वाचवायचं ठरलं तर कारागीर विचारणार, कठड्याची नक्षी तिसऱ्या मजल्यावर कशी होती? याचं उत्तर कुठल्या फाईलमध्ये असेल तर चांगलंच. नाहीतर ते असणार कुणाच्या तरी हार्डडिस्कवर, जो एका रविवारी समोर उभा होता आणि ज्याला कुणी हाकललं नाही.

हे सगळं लिहिताना मी माझा फोल्डर उघडून बसलेय, कारण दुसऱ्यांना नाव-तारीख विचारताना आपलं काय ते बघावं म्हटलं. चार वर्षांचे फोटो, नुसते नंबर. पहिल्या वर्षीच्या अर्ध्याअधिक इमारती मलाच ओळखू येत नाहीत. एक मोर आहे, फार सुंदर, पिसाऱ्यात दगडाची जाळी कापलेली, पण तो कुठल्या गल्लीतला ते आठवत नाही, बाजूच्या फोटोत एक झेरॉक्सचं दुकान आहे आणि अर्धी पाटी, "…जी अँड सन्स". आता रोज रात्री जेवणं झाली की दहा-दहा फोटोंना नावं देतेय. मोराचं पुढच्या रविवारी बघते. त्या सिक्युरिटीवाल्या दादांना विचारून बघावं म्हणतेय, त्यांना त्या भागातली सगळी झेरॉक्सची दुकानं माहीत असणार.